शुभेच्छुकांच्या रांगा आणि रॅम

आमच्या कोल्हापुरात वाढदिवस एकाचा असतो, पण डिजिटल फलकावर तोंडं अख्ख्या मंडळाची असतात. मधोमध वाढदिवसवाला, गॉगल लावून. मागे सिंह किंवा ढग, जे त्याला शोभेल ते. आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा. ती तोंडं कापून, थोडी उजळून, फलकावर बसवण्याचं काम मी करते. दुकान लहान आहे. एक कॉम्प्युटर, माझी खुर्ची आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं. या धंद्यात बाकडं फार महत्त्वाचं. इथे फोटो पाठवून कुणी घरी थांबत नाही. आपलं तोंड कुठं बसतंय ते बघायला माणूस जातीनं येतो.

गेल्या वर्षी कॉम्प्युटरनं मान टाकायला सुरुवात केली. एक चेहरा उचलून बाजूला ठेवायचा म्हटलं की स्क्रीन पांढरी पडायची आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसायचो. त्यापायी पेठेतल्या तालमीचा एक फलक मिरवणूक संपल्यावर लागला. तालमीचे अध्यक्ष मला वर्षाची निम्मी कामं देतात. ते बाकड्यावर बसून अगदी थंडपणे म्हणाले, "वैनी, भांडत न्हाय मी. पण माझ्या वाढदिवसाला असं झालं तर समोरच्याकडं जातो. मग नाराज हुयाचं न्हाय."

समोरच्याचं दुकान माझ्या खुर्चीतून दिसतं. त्याच्याकडे एसी आहे.

नवा कॉम्प्युटर घेणं शक्य नव्हतं. जुन्यात एखादा भाग नवा टाकण्याइतकेच पैसे होते, म्हणजे निवड चुकली की अध्यक्ष गेले आणि त्यांच्यामागून निम्मा धंदा गेला. साहजिकच गावानं सल्ले द्यायला सुरुवात केली.

माझा धाकटा दीर पुण्यात नोकरी करतो आणि रिकाम्या वेळात कॉम्प्युटरवर गाड्या पळवतो. त्याचं ठाम मत, "वहिनी, ग्राफिक्स कार्ड घे. आतून लाइटपण लागतात."

"डबा टेबलाखाली असतो. लाइट कुणाला दाखवू?"

"अगं, भारी दिसतं."

अध्यक्षांना मोठा मॉनिटर हवा होता, कारण आताच्या पडद्यावर त्यांना स्वतःची मिशी नीट दिसत नव्हती. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं एसएसडी सुचवली. जुन्या हार्डडिस्कच्या जागी ती बसवली की म्हणे बटण दाबताच मशीन उठून उभं राहतं. हे मला फार आवडलं. मी जवळजवळ हो म्हणून आले. पण घरी येताना विचार केला: सकाळी मशीन सुरू होईपर्यंत माझा झाडू होतो, उदबत्ती होते, चहा होतो. तेव्हा बाकड्यावर कुणीच नसतं. मशीन उशिरा उठतं याबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नव्हती. भांडण होतं ते तोंड हलवताना.

मग एका रिकाम्या दुपारी मी तोच उशिरा लागलेला फलक उघडला, रांगा झाकून. शेजारी ती छोटी खिडकी उघडी ठेवली, जिच्यात मशीनचा कोणता भाग किती राबतोय ते दिसतं. आणि नाटकातल्या पात्रांसारखे एकेक शुभेच्छुक मंचावर आणले. वाढदिवसवाला एकटा होता तोवर सगळं निवांत. पहिली रांग आली, मेमरी, म्हणजे रॅम, अर्ध्यावर. दुसरी आली, तिसरी आली, मेमरी काठोकाठ. आणि तोवर गप्प असलेली हार्डडिस्क एकदम कुरकुरायला लागली. मेमरीत न मावलेली माणसं ती आपल्याकडे ठेवून घेत होती आणि मी कुणाला हात लावला की धापा टाकत परत आणून देत होती. ग्राफिक्सचा आकडा जेमतेम हलला. म्हणजे दोष ना डिस्कचा, ना ग्राफिक्स कार्डाचा. मेमरीत जागाच कमी पडत होती.

दिराला फोन केला. तो म्हणाला, "मग चेहरे लहान करून ठेव की. पैसेच घालवायला नकोत."

पुण्याला गेला की माणूस किती विसरतो. "अरे, खालच्या रांगेतला पोरगा पुढच्या वर्षी खजिनदार होतो. मग त्याचं तोंड वर येतं आणि दुप्पट होतं. लहान केलेलं ताणलं की भुरकट दिसतं. अध्यक्ष स्वच्छ आणि खजिनदार भुरकट, हे तालमीत जाऊन तू समजावणार का?"

तो म्हणाला, "मग रॅमच घे. त्यातपण लाइटवाली मिळते."

मी बिनलाइटची घेतली. भाव नेमके चढलेले होते, पण होती त्याच्या चौपट बसवून घेतली.

अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या आदल्या दुपारी सगळी कार्यकारिणी बाकड्यावर दाटीवाटीनं बसली. सहाच्या आत फाईल छपाईला जायला हवी होती. चेहरे लोण्यावरून सरकावेत तसे सरकत होते. चार वाजता फलक तयार झाला आणि खरं संकट तिथून सुरू झालं.

पूर्वी एक बदल सांगितला की इतकं थांबावं लागायचं की दुसरा सांगायला माणूस लाजायचा. आता लाज उरली नाही. "वैनी, मला जरा डावीकडं घ्या." घेतलं. "मग मी त्येच्या वर." घेतलं. उपाध्यक्ष खजिनदाराच्या वर गेले, खजिनदार रुसले, मग ते वर गेले. अध्यक्षांनी गॉगल बदलून पाहिला आणि पुन्हा पहिला मागितला. उपाध्यक्ष एकेक तोंड ओलांडत वर सरकत मधल्या मोठ्या फोटोच्या शेजारी निघाले होते. साडेपाच झाले. एवढा खर्च करून फलक पुन्हा उशिरा लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी माउसवरून हात काढला. दोन्ही हात मांडीवर ठेवले, स्क्रीनकडे बघून लांब श्वास सोडला आणि म्हणाले, "अडकलं."

बाकडं गार झालं. "आता वो?" अध्यक्षांनी विचारलं.

"आहे तसं पाठवलं तर जाईल. आणखी एक तोंड हलवलं तर मी जबाबदार नाही."

"कुणी बोलायचं न्हाय," अध्यक्ष म्हणाले. मी फाईल पाठवली.

दुसऱ्या दिवशी बँड यायच्या आधी फलक चौकात लागला होता. दुपारी अध्यक्ष पेढे घेऊन आले, एकटेच. "काय वैनी, नवीन टाकूनबी अडकतंय की."

"उपाध्यक्षांना तुमच्या शेजारी आणताना अडकलं."

त्यांनी मागं वळून रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं. "तसंच अडकू दे अधनंमधनं," म्हणाले आणि बाकड्यावर बसून गणपतीच्या फलकाचे फोटो पाठवायला लागले.