प्रश्नवाले सर

आमच्या ह्यांना कळंब्यात सगळे 'प्रश्नवाले सर' म्हणतात. वसंत हे नाव आता रेशनकार्डापुरतंच उरलंय. समाजशास्त्र शिकवून रिटायर झाले, तरी पीएच.डी.ची पोरं अजून आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसतात. फुकटात हं! चहा मात्र मी करायचा.

माणसाला वेड एकच. पोरगं नवं आलं की, "तुझा प्रश्न काय हाय, एका वाक्यात सांग," म्हणायचं. त्याला ते जमलं नाही की तासभर त्याचा जीव खायचा, आणि मग जेवल्याशिवाय त्याला सोडायचंही नाही. चिडले की आवाज गल्लीच्या टोकाला जातो. पण एखाद्या पोराचं रजिस्ट्रेशन अडकलं की ह्यांनाच घास उतरत नाही. असला हा माणूस!

परवा रविवारी हुपरीची प्रियदर्शनी आली. तिच्या घरात पैंजण करायचा धंदा, आणि अभ्यासही त्याच कारागिरांचा. जैनाची पोर, म्हणून मी लसूण न घालता भडंग केलं होतं. कारागिरांना विचारायचा प्रश्न तिनं वाचून दाखवला, "तुमच्या मुलाला हा धंदा नकोच असेल ना?"

झालं! ह्यांनी लाल पेन काढलं आणि प्रश्नावर आडवी रेघ ओढली.

"अगं पोरी, उत्तर तूच ताटात वाढून दिलंस की! समोरचा बिचारा मान हलवणार, दुसरं काय करणार? पोरांना धंदा नको झालाय, हे तुझं गृहीतक. असू दे. पण ते खोटं ठरायला जागा ठेव. पोराला पुढं काय करायचंय, एवढंच विचार आणि गप बसून ऐक. नको ते ऐकायची तयारी नसंल तर माणसानं विचारूच नये."

पोर मुकाट्यानं लिहून घेत होती, तेवढ्यात श्रेयसचा फोन आला. श्रेयस आमचा एकुलता एक, बंगळूरला नोकरीला. तीन दिवाळ्या झाल्या, घरी आला नाही. मी बोलत नाही कुणाजवळ, पण त्याच्या वाटणीच्या चकल्या दरवर्षी करते आणि तुळशीच्या लग्नापर्यंत वाट बघून शेजारी वाटून टाकते.

"काय रे," हे म्हणाले, "यंदा दिवाळीलाही सुट्टी मिळायची नसंलच तुला?"

"अं... अवघडच दिसतंय, बाबा."

"असू दे, असू दे. काम महत्त्वाचं." आणि ठेवलासुद्धा फोन!

माझं डोकंच सणकलं. टेबलावरचं लाल पेन उचललं आणि ह्यांच्यापुढं आपटलं. "त्या पोरीच्या प्रश्नावर मारली ना रेघ? मग तुमच्या ह्या प्रश्नावर कोण मारणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान! तीन वर्षं झाली, तुम्ही पोराच्या तोंडात 'नाही' कोंबताय आणि वर म्हणताय, येत नाही!"

प्रियदर्शनी बिचारी भडंगात मान घालून बसली. मला वाटलं, आता हे घर डोक्यावर घेणार. पण हे त्या पेनाकडं बघत हळूच म्हणाले,

"आणि सरळ विचारल्यावर तो नको म्हणाला तर, श्यामला? मग मी काय करू?"

इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस कशाला भ्यालेला मी पहिल्यांदा बघितला. माझा राग कुठल्या कुठं गेला.

"तर नको. दोघं मिळून रडू की. पण त्याचं त्याला बोलू दे."

फोन मीच लावला आणि स्पीकरवर टाकला.

"श्रेयस," हे म्हणाले, "तुला घरी यावंसं वाटतं का रे?"

त्याचं उत्तर यायच्या आधीच ह्यांनी 'काम असंल तर...' म्हणायला तोंड उघडलं, तशी मी तोंडावर हातच ठेवला त्यांच्या.

"वाटतं की, बाबा," श्रेयस म्हणाला. "पण मी काही बोलायच्या आधी तुम्हीच नाही म्हणून मोकळे होता. मला वाटायचं, मी आलेलं तुम्हाला नको असतं."

"न्हाय रे... न्हाय रे राजा," एवढंच हे म्हणत राहिले, पुन्हा पुन्हा, प्रियदर्शनीसमोर, डोळे न पुसता. शेवटी श्रेयसच म्हणाला, "बाबा, रडू नका. दिवाळीचं सोडा, मी शनिवारीच येतो."