मार्थाने घातलेलं पाणी

माझी मुलगी मार्था चर्च सोडून जाईल, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात जेवायला बसलं की तिचा एकच विषय: बाईला फादर का होता येत नाही? ती शाळेत शिकवते, रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते, आणि तोंडाने फटकळ आहे. चर्चच्या सभेत उठून तिने विचारलं, वेदी पुसायला बाई चालते, फुलं लावायला चालते, मग तिथं उभं राहून मिस्सा, म्हणजे फादर करतात ती मुख्य उपासना, अर्पण करायला का नाही? फादर शांतपणे म्हणाले, चर्चची शिकवण तशी आहे, ती माझ्या हातात नाही. उखडले ते जोसेफमामा, आमच्या चर्चमधल्या सगळ्यांचेच मामा. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस, आवाज अजून यंत्रावर बोलल्यासारखा.

"पोरी, प्रभूनं बारा शिष्य निवडले. त्यात एक तरी बाई हुती का?"

"मामा, प्रभू मेलेल्यातनं उठल्यावर थडग्यापाशी पयलं कोण गेलं? बायकाच की!"

अर्धी सभा हसली, अर्धी चिडली. घरी येऊन मार्था म्हणाली, "आई, जितं माझी गरज न्हाय, तितं मी कशाला जाऊ?" मी रोजरीची जपमाळ हातात घेतली आणि प्रार्थना केली, देवा, हिला जरा नमव.

थोड्याच दिवसांनी मामांचा फोन आला. त्यांच्या सुनेची प्रसूती वेळेआधी झाली होती. मुलगी फार अशक्त होती, डॉक्टरांनी आशा कमी सांगितली होती. आमच्यात अशा बाळाला बाप्तिस्मा दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत. फादर मात्र अकलूजकडच्या गावांना गेलेले, ते येईपर्यंत बाळ राहील याची खात्री नव्हती. मी आणि मार्था तडक दवाखान्यात गेलो. मामा दाराशी उभे होते. अशा वेळी कोणीही श्रद्धावंत माणूस डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतो हे त्यांना ठाऊक होतं, त्यांची स्वतःची तयारीही होती. पण तो बायकांचा वॉर्ड. आत पुरुषाला सोडत नव्हते, बाई म्हटली तरी एकच. मामी तर केव्हाच देवाघरी गेलेल्या, आणि माझे हात इतके कापत होते की मला ग्लासही धरवला नसता.

मार्थाने मामांकडे पाहिलं. तिच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता. "मामा, मी चालंन का तुमाला?"

मामांनी नुसते हात जोडले. "जा बाई. येळ न्हाय."

दाराच्या काचेतून मला दिसत होतं. एक नर्सबाई पुढे आल्या. त्या आमच्या धर्माच्या नव्हत्या, ओळखीच्याही नव्हत्या, पण काही न विचारता त्यांनी सिरिंजमध्ये कोमट पाणी भरून मार्थाच्या हातात दिलं आणि बाळाचं डोकं तळहातावर अलगद पेललं. मार्थाचे ओठ हलले, कपाळावरून पाणी ओघळलं, आणि तोवर निपचित पडलेली ती पोर रडली. डॉक्टर म्हणाले, पाणी लागलं की बाळ रडतंच. रडत असेल. मी वाद घालत नाही. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले एवढं खरं. पुढे त्या नर्सबाईंचे आभार मानायला आम्ही गेलो तर त्या दुसऱ्या नर्सच्या जागी तेवढ्यापुरत्या आल्या होत्या, पुन्हा भेटल्या नाहीत. मी त्यांच्यासाठी रोज एक प्रार्थना म्हणते.

बाळ जगलं, अंगाने भरलं, आणि राहिलेला विधी पुरा करायला सगळे चर्चमध्ये आलो. सुरू होण्याआधी मामा फादरांना बाजूला घेऊन म्हणाले, "आता तुमी एकदा नीट पाणी घाला, फादर. म्हंजे मनाला बरं."

फादर म्हणाले, "मामा, ते नीटच झालंय. बाप्तिस्मा एकदाच असतो. आता मी परत घातलं तर चूक माझी हुईल."

मग त्यांनी बाळाला तेल लावलं, पांढरं वस्त्र दिलं, मेणबत्ती दिली, पण पाण्याला हात लावला नाही. तत्पूर्वी रीतीप्रमाणे त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, या बालिकेला बाप्तिस्मा कोणी दिला? तेव्हा मामा ताठ उभे राहिले. त्यांचा तो गिरणीतला आवाज अख्ख्या चर्चमध्ये घुमला, "आमच्या मार्थानं!"

अभिमानाने माझा ऊर भरून आला. मार्थाने मान खाली घातली होती, पहिल्यांदाच.

वाद मिटलेला नाही. मार्था अजून तेच विचारते, मामा अजून तितकेच उखडतात, पण ती दर रविवारी चर्चमध्ये असते. तिला वेदीवर उभं राहता येईल की नाही हे मला कळत नाही, आणि तो माझा प्रांतही नाही. हिला नमव, असं मी आता देवाला सांगत नाही. त्याने तिला बनवलंय, तिचं काय करायचं ते तोच बघेल. मी फक्त त्याचे आभार मानते, की ही मुलगी त्याने माझ्या पोटी घातली.