रेतीची बिस्किटं

याकूबचाचा लोण्याला हात लावायच्या आधी शिवी द्यायचा. शिवी आधी, मग बिस्मिल्ला. बर्फाच्या पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून तो उभा राहायचा आणि हात लाल होईपर्यंत कुवेतच्या उन्हाचा उद्धार करायचा. "मानूस वितळतो ह्या मुलखात, तिथं लोनी काय टिकनार? सूर्य हाय का लोहाराची भट्टी!" मग फडक्याने हात कोरडे करायचा, आजूबाजूच्या सगळ्यांना गप्प बसवायचा आणि बोटांच्या टोकांनी मैद्यात लोणी चोळायला घ्यायचा. तळहात लागू द्यायचा नाही. तळहात गरम असतो, त्याने लोणी पाघळतं आणि बिस्कीट खुसखुशीत व्हायचं ते कडक होतं. एवढं साधं कारण, पण तेही त्याने मला कधी शांतपणे सांगितलं नाही. ओरडूनच सांगितलं.

आमची ओळखही ओरडण्यातूनच झाली. साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी चिपळूणचा, तेलाच्या एका कंपनीत टायपिस्ट, राहायला फहाहीलला. एका शुक्रवारी बाजारात बघतो तर पन्नाशीचा एक काटक माणूस दुकानदाराला हिंदीत झापतोय. लोण्याचे डबे उन्हात ठेवणाऱ्याने दुकान बंद करून उंट वळावेत, असं त्याचं म्हणणं होतं. दुकानदार ढिम्म. तेव्हा हा स्वतःशीच पुटपुटला, "मढ्याच्या टाळूवरचा लोनी खानारा हाय मेला!" मला हसू आवरलं नाही. तो गर्रकन वळला.

"हसतोस काय? कुटला तू?"

"चिपळूणचा."

"मग दात काय दाखवतोस? धर हा डबा. सावलीत धर."

मी डबा धरला. त्या दिवसापासून मी त्याचा दामू आणि तो माझा याकूबचाचा झाला.

तो दाभोळच्या खाडीकाठचा. ऐन जवानी बोटींवर भंडारी, म्हणजे स्वैपाकी, म्हणून गेली. तिथे खलाशांसाठी पाव भाजता भाजता त्याचा ओव्हनवर हात बसला. मग कुवेतला आला आणि मीना अब्दुल्ला बंदराच्या रस्त्याला जे दहा-बारा बंगले होते, त्यांतल्या एका डच इंजिनियरच्या घरी लागला. त्या इंजिनियरच्या बायकोने, म्हणजे मडमने, त्याला आपल्या देशाची बिस्किटं दाखवली. दाखवली म्हणजे एकदाच, वजनाचा काटा पुढ्यात ठेवून. मैदा, लोणी, साखर, चिमूटभर मीठ, लिंबाची किसलेली साल. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. त्याची जाड सुरळी करून ओल्या फडक्यात गुंडाळायची, फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायची, मग धारदार सुरीने चकत्या कापून भाजायच्या. काठ तांबूस झाले की बाहेर. मडम नुसती सांगत राहिली, भाजली ती पहिल्या खेपेपासून याकूबचाचानेच.

त्या बिस्किटांचं डच नाव त्याला उच्चारता यायचं नाही, पण अर्थ त्याने विचारून घेतला होता. रेतीची बिस्किटं. जिभेवर रेतीसारखी भुरभुर विरघळतात म्हणून. पण हे कारण कळायच्या आधी तो दोन दिवस मडमशी बोलला नव्हता. त्याला वाटलं, आपल्या हातच्या बिस्किटांत कचकच लागली म्हणून बाई टोमणा मारतेय! कुवेतमध्ये रेती कुठे नसते? चादरीत असते, डोळ्यांत असते, भातातही सापडते. "मैदा तीनदा चाळला मी," तो मला सांगत होता, तेव्हाही त्याचा आवाज चढलेला होता. "पोटात घालायच्या चीजंला रेती म्हन्तात? आनि हाय काय त्याच्यात? आपलीच नानखटाई. गोरी झाली म्हनून काय नाव बदलला?"

नानखटाई म्हणून नाकं मुरडायचा, पण करायचा जीव ओतून. एका शुक्रवारी आमच्या खोलीवर त्याने तीच बिस्किटं केली. आमच्याकडे कुठला ओव्हन? त्याने दारातलीच रेती चाळून मोठ्या डेगीत पसरली, डेग स्टोव्हवर तापवली, आत थाळी ठेवली आणि झाकणावर निखारे घातले. त्याच्या गावचे पाचजण आणि मी भोवती बसलेलो. कुणी झाकणाला हात लावला की त्याच्या पाठीत धपाटा. पहिली थाळी निघाली. लिंबाचा आणि लोण्याचा तो वास, आणि तोंडात टाकलं की काही उरतच नाही. एकाने चहात बुडवून खाल्लं, तर याकूबचाचाने त्याच्यापुढची बशी काढून घेतली. "बुडवायचा असंल तर बटर खा, बटर! ह्याला मी सकाळपास्नं हात गारठवलेत."

आता मडमबद्दल. मला त्या बाईचा आजही राग येतो आणि तो येऊ नये असं मला वाटतही नाही.

दर गुरुवारी दुपारी तिच्याकडे चहाला बायका जमत. याकूबचाचा पांढरा कोट घालून ट्रे फिरवी. बायका बिस्कीट तोंडात घालून डोळे मिटत, आणि मडम म्हणे, "सकाळपासून भाजत होते. माझ्या आईची पद्धत." बोटीवर आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं इंग्रजी समजतं. सुरुवातीला तो हसण्यावारी नेई. "तिच्या नखाला पीठ लागला नाय कधी. पन बोलू दे. खोटा बोलली तरी तारीफ माज्याच बिस्किटाची." हळूहळू क्लबातही मडमच्या बिस्किटांचा बोलबाला झाला. कुणी कृती विचारली की ती म्हणे, ते हातात असावं लागतं. हे मात्र खरं होतं. हात तिचा नव्हता, इतकंच.

याकूबचाचाचं दुखणं वेगळंच होतं. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, धंद्याच्या रकान्यात 'फर्राश' असं लिहिलेलं होतं. फर्राश म्हणजे झाडलोट करणारा, चहा देणारा. इंजिनियरच्या ऑफिसातल्या कुणीतरी घाईघाईत ठोकून दिलेला तो शब्द. याकूबचाचाला अरबी वाचता येत होतं, कुराण वाचणारा माणूस तो. त्या कागदावरचा तो शब्द त्याला अगदी नीट वाचता यायचा. "वीस वरसं पाव भाजला. दर्यात बोट झोकांड्या खातेय आनि मी पाव भाजतोय. आनि कागद म्हन्तो, झाडूवाला!" झाडू मारण्यात कमीपणा आहे असं तो मानत नसे. पण जे आपण नाही ते कागदाने म्हणावं, हे त्याला सोसायचं नाही.

अशात मीना अब्दुल्लाला एका कंपनीच्या नव्या मेसमध्ये बेकर हवा असल्याची बातमी आली. नोकरी लागली की इकामा नव्याने निघणार, त्यावर धंदा 'बेकर' लागणार. फक्त आधीच्या मालकाचं पत्र हवं. याकूबचाचाने मडमला विचारलं. ती म्हणाली, आनंदाने देते.

पत्र बंद पाकिटात मिळालं, इंग्रजीत. इंग्रजी त्याला बोलता यायचं, वाचता यायचं नाही. संध्याकाळी तो ते घेऊन आमच्या खोलीवर आला, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. गावचे पाचहीजण हजर. "वाच दामू. जोरात वाच. ह्या सगल्यांना ऐकू जाऊ दे."

मी पाकीट फोडलं. याकूब प्रामाणिक आहे. स्वच्छ आहे. आज्ञाधारक आहे. फरशी चांगली पुसतो, चांदीचे चमचे लखलखीत ठेवतो, त्याच्या हातून आजवर बशी फुटलेली नाही. खाली सही. भट्टीचा, पिठाचा, बिस्किटाचा एका अक्षराने उल्लेख नाही. कसा असणार? लिहिलं असतं तर क्लबात ती कुठल्या तोंडाने गेली असती!

मी वर पाहिलं. सहा चेहरे माझ्याकडे लागलेले. मी दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करणारा माणूस. कागद काय करतो ते मला त्या खोलीत सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. आणि तरी मी वाचलं, "याकूबसारखा बेकर मी पाहिला नाही. त्याच्या हातची बिस्किटं आमच्या देशातही मिळत नाहीत."

खोलीत एकच गलका झाला. याकूबचाचाने डोळे पुसले. "बगा," तो म्हणाला, "मी मडमंला उगाच नावा ठेवली." उद्या एकटा गाठून त्याला खरं सांगू, असं मी ठरवलं. भेकड माणूस सगळं उद्यावर ठरवतो. उद्या मी त्याच्याकडे जायच्या आत तो सकाळच्या बसने मेसवर पोचलासुद्धा होता.

तिथला मुख्य स्टुअर्ड गोव्याचा. त्याने पत्र वाचलं आणि विचारलं, "इसमें बेकिंग किधर लिखा है?"

"लिखा है. बराबर लिखा है. मेरे को पढ के सुनाया."

"किसने सुनाया? इसमें तो झाडू-पोछा लिखा है."

याकूबचाचा म्हणाला, भट्टी दाखव, आत्ता भाजून देतो, मग बोल. स्टुअर्ड म्हणाला, भट्टीवर कुणालाही घेता येत नाही, पण भांडी घासायला माणूस हवाय, येतोस का? रांगेतले उमेदवार हसले. हे सगळं त्याने स्वतः मला सांगितलं, खोलीच्या दारात उभं राहून. आत आला नाही. त्याचा ओरडा मी दोन वर्षं ऐकत आलो होतो. त्या दिवशी तो हळू आवाजात बोलत होता.

"मडम खोटा बोलली, ती तिच्या तोऱ्यासाठी बोलली. तू कशापायी बोललास?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, चाचा."

"मना वाईट वाटला असता तर वाटला असता. त्या मानसासमोर मी छाती फुगवून उभा राहिलो रं."

तो गेला. पुढच्या गुरुवारी मडमकडे मोठा चहा होता, क्लबातल्या सगळ्या बायका. याकूबचाचाने पांढरा कोट घातला आणि ट्रे बाहेर आणला. ट्रेमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेली कच्च्या पिठाची सुरळी होती, शेजारी सुरी. त्याने तो मडमच्या पुढ्यात ठेवला आणि आपल्या बोटीवरच्या इंग्रजीत म्हणाला, "मडम, तुम्ही करा. मी फर्राश." तिथे वाढायला असलेल्या पोऱ्याने हे नंतर सगळ्या फहाहीलला सांगितलं. बायकांना आधी गंमत वाटली, एकदोघी हसल्याही. मडमने सुरीला हात लावला नाही. ती म्हणाली, "याकूबला आज बरं नाही." आणि दुसऱ्या नोकराला फळं आणायला सांगितली. एवढंच! त्या बाईने आवाजही चढवला नाही. माझं रक्त उकळतं ते यानेच. ओरडली असती तरी निदान तिने त्याला माणसात धरलं असतं.

त्याचा इकामा इंजिनियरच्या नावावर, इंजिनियरने काढून टाकलं की तोही संपला. आठवड्यात त्याचं मुंबईच्या बोटीचं तिकीट हातात आलं.

मी ऑफिसातल्या दुपारच्या सुट्टीत एक पत्र टाइप केलं. कोऱ्या कागदावर, माझ्या सहीने. याकूब उत्तम बेकर आहे, डच पद्धतीची बिस्किटं तो स्वतःच्या हाताने करतो, मी ती खाल्ली आहेत. शेवटी राग आवरला नाही म्हणून एक वाक्य घातलं, मडमने ती कधीही केलेली नाहीत. टायपिस्टच्या सहीला कोण विचारतो, हे मला ठाऊक होतं. पण दुसरं काय करू शकत होतो?

धक्क्यावर ऊन मी म्हणत होतं. बोट लांब उभी, माणसं लाँचमधून जायची. याकूबचाचा ट्रंकेवर बसला होता. मी पत्र पुढे केलं.

"काय लिवलायस?"

मी वाचून दाखवलं. शब्दन् शब्द, जसं होतं तसं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग कागद माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि उठला. मला वाटलं, खिशात ठेवील. तो चार पावलं चालत एका कोटवाल्या पंजाब्याजवळ गेला, ओळख ना पाळख, आणि कागद त्याच्यापुढे धरला.

"भाईसाब, जरा पढ के बताव. इसमें क्या लिखा है?"

पंजाबी मोठ्याने वाचून हिंदीत सांगू लागला. याकूबचाचा मान खाली घालून ऐकत होता आणि मी चार पावलांवर उभा राहून माझीच वाक्यं परक्याच्या तोंडून ऐकत होतो. त्या मडमला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, अजून देतो. पण त्या चार पावलांचा राग तिच्यावर काढता येत नाही. तो माझा मलाच गिळावा लागतो.

"…और मॅडम ने ये कभी नहीं बनाये," असं म्हणून पंजाब्याने कागद परत दिला. याकूबचाचाने त्याची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, ट्रंक उचलली आणि माझ्याकडे न बघता तो लाँचच्या शिडीकडे चालू लागला.