कुपी आणि हाक

बाबांच्या पलंगाजवळच्या ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनलिनच्या फुटक्या कुप्या पडल्या होत्या, करंगळीएवढ्या. आपण घाबरलो की शरीर हेच द्रव्य आपणहून रक्तात सोडतं आणि छाती धडधडायला लागते. बाबांचं शरीर घाबरण्याच्याही पलीकडे गेलं होतं, म्हणून ते बाहेरून द्यावं लागत होतं.

नर्सने शेवटची कुपी शिरेत सोडली आणि त्याच वेळी दाराशी उभ्या आईने हाक मारली, "वसंत!" जन्मभर तिने त्यांना 'अहो' म्हटलं; नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. मॉनिटरच्या पडद्यावरची सपाट रेघ उसळली, मिनिटभर धावली आणि पुन्हा आडवी झाली.

"माझी हाक ऐकली त्यांनी," आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मी कुपीबद्दल बोललो नाही. एवढं तरी तिच्याजवळ राहू दे, म्हटलं.

काल मेथी निवडता निवडता ती थांबली.

"आधीच नावाने हाक मारायला हवी होती रे. मी मेली लाजत बसले."

खरं सांगितलं तर तिचा दोष जाईल, पण त्यांनी ऐकलेली हाकही जाईल. मी तोंड उघडलं. छाती अशी धडधडायला लागली, की कुठल्याही कुपीची गरज नव्हती. मग मी मेथीची जुडी पुढे ओढली.