दुखवटा विहिणीच्या घरी

माझी विहीण मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. लग्नात मी मानाने दिलेली साडी तिने दोन बोटांत धरून पाहिली आणि घडी न मोडता जावेच्या मांडीवर टाकली. हिच्याशी आपलं जमायचं नाही, हे मी तिथेच ओळखलं. लेक मात्र जामखेडला सुखात होती. माहेरी आली की सासूचं कौतुक करायची, आणि मी नाक मुरडलं की हसायची. तिच्यासाठी मी दर दिवाळीला जिभेवर साखर ठेवून फराळाची दुरडी पाठवत राहिले.

यंदा पावसाळ्यात लेक तापाने गेली. सासूने आधी घरीच काढे पाजले, मग दवाखान्यात नेलं. लवकर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं, असं डॉक्टर माझ्या मुलाला म्हणाले. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही.

मग दिवाळी तोंडावर आली. वर्षात माणूस गेलेल्या घरी आमच्याकडे कढई चढत नाही. फराळ सोयऱ्यांनी न्यायचा आणि पहिला घास आपल्या हाताने दुखवट्यातल्या माणसाच्या तोंडात घालायचा. पण लग्न झालेली लेक सासरची. तिचं सुतक त्यांना पुरं आणि आम्हाला तीनच दिवसांचं. म्हणजे माझ्या घरी तळण चालत होतं आणि दुखवटा होता विहिणीच्या घरी. पोटचा गोळा माझा गेला, आणि सांत्वनाला मी जायचं, तेही तिच्याकडे. शेजारणीने हे समजावलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असले रिवाज ज्यांनी घातले त्यांना लेकी नव्हत्या काय, असं मी तिलाच विचारलं.

मुलगा म्हणाला, त्या दारात आता आपलं काय काम. माझ्याही मनात तेच होतं. मालकांनी काष्टीच्या बाजारातून गूळ आणि खोबरं आणून ओट्यावर ठेवलं. मी पिशवीला हात लावत नाही असं पाहून तेवढं म्हणाले, "आपली नात हाय तिथं."

दोन वर्षांची आमची नात. येणंजाणं तुटलं की पोरीचं आजोळ संपणार, आणि लेकीचं या जगात उरलेलं एवढंच काय ते माझ्या हातातून जाणार. मी कढई ठेवली. करंज्या तळताना डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळत होतं, आणि मी धुराला शिव्या देत होते. गॅसच्या शेगडीला कुठला आलाय धूर?

जामखेडच्या घरी विहिणीने सतरंजी टाकली, पाणी दिलं. बाई निम्मी झाली होती. ते माझ्या नजरेत भरलं याचाच मला राग आला. तिने दुरडीवरचं फडकं काढलं, एक डबा उघडला आणि हात मागे घेतला. आत खाऱ्या शंकरपाळ्या होत्या. माझ्या लेकीला गोड आवडायचं नाही, म्हणून दर दिवाळीला तिच्यापुरत्या वेगळ्या करायचे. यंदाही सवयीने हात चालला होता, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"ह्या तिच्या," विहीण म्हणाली. डबा तिने हळूच झाकला आणि मांडीवर घेऊन बसली.

आता घास द्यायचा होता. मी करंजी मोडली, पण हात काही केल्या तिच्या तोंडाकडे जाईना. जवळच नात खेळत होती. तो तुकडा मी तिच्या मुठीत दिला आणि म्हणाले, जा, आजीला भरव.

नातीने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग धावत जाऊन विहिणीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, आ कर."

चोरी पकडल्यासारखी विहीण माझ्याकडे बघायला लागली. "आई न्हाई गं, आजी म्हन," असं पोरीला परत परत सांगत होती. पोर ऐकेना. आई आ कर, आई आ कर, एवढंच तिचं चाललं होतं. रात्री जिच्या कुशीत झोपते तिला ती दुसरं काय म्हणणार होती?

माझ्या लेकीची जागा, आणि तिथे ही बाई. उठावं, पोरीला काखोटीला मारावं आणि एसटी धरावी, असं खरंच वाटलं. पण पोरीचा हात अजून तसाच वर होता, आणि विहीण तोंड मिटून माझ्याकडे बघत होती. माझ्या परवानगीशिवाय तिला तो घास घेववत नव्हता.

"म्हनू द्या, विहीनबाई," मी म्हणाले. "कुनाला तरी म्हनाया पायजेच की तिनं."

एवढं बोलून मी पदर तोंडाला लावला, आणि विहिणीने नातीच्या हातचा घास घेतला.