बाळादादाच्या टेबलावरचा पंखा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कामोठ्याच्या घरी भाजी निवडत होते. "तुजे दादा गेले गं..." एवढंच ती म्हणाली. मला रडू आलं नाही, राग आला. अजून येतोय. महिना होऊन गेला, आता शांत हो म्हणतात सगळे. का होऊ?

माझा थोरला भाऊ बाळाराम पनवेलजवळच्या एका कपबशांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं होता. वाळलेल्या कच्च्या कपांच्या कडा भट्टीआधी घासून गुळगुळीत करायच्या, हे त्याचं काम. घासलं की पिठासारखी पांढरी पूड उडायची. संध्याकाळी घरी यायचा तो भुवयासुद्धा पांढऱ्या घेऊन. आम्ही हसायचो, "आला बघा म्हातारा!" ती पूड फुफ्फुसात जाऊन बसते आणि पुन्हा निघत नाही, हे आम्हाला कोण सांगणार? खोकला लागला तेव्हा दोन डॉक्टरांनी टीबीची औषधं दिली. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, काम काय करता?" इतका साधा प्रश्न, पण तोवर कुणाला सुचला नव्हता! सिलिकोसिस हा शब्द आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मग दादा मॅनेजरच्या मागे लागला. कोरडा झाडू मारू नका, आधी पाणी शिंपडा. टेबलावरचा धूळ ओढून घेणारा पंखा चालू करा. हा पंखा म्हणजे निव्वळ देखावा... बसवला होता, पण वीज जोडलीच नव्हती. "बघू पुढच्या महिन्यात," हे ठरलेलं उत्तर. आणि सगळ्यात वाईट दिवस खंडेनवमीचा. पूजेला यंत्रं लख्ख हवीत म्हणून हवेचा पाइप मारून वर्षभराची साचलेली धूळ तासाभरात उडवायची. आजार कळेपर्यंत त्यात सगळ्यात पुढे कोण, तर आमचा दादाच! देवाचं काम म्हणून हौसेने करायचा. शेवटी-शेवटी म्हणाला, "आमीच आमच्या हातानी धूल खाल्ली गं. मागं राहिलेत त्यांना तरी पंखा लावून द्या."

यंदा खंडेनवमीला मॅनेजरने वहिनीला बोलावलं. दादाच्या टेबलावर त्याचा फोटो ठेवून पूजा करणार होते म्हणे. मी सोबत गेले. बघते तर काय, सकाळीच पाइप मारलेला, आणि हार घातलेल्या फोटोवर पांढरा थर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तोच वहिनीने, जन्मात कुणाला उलट न बोललेल्या त्या बाईने, पाणी मागितलं. पदर ओला केला, फोटो पुसला, टेबल पुसलं आणि दादाच्या स्टुलावर बसली.

"पंखा लावा."

"अहो वहिनी, वायर जोडायची राहिलीय," मॅनेजर म्हणाला. "दसरा होऊ द्या..."

"आताच जोडा. मी बसली हाय. पूजा मंग."

कामगार हाताची घडी घालून उभे राहिले. भटजी घड्याळ बघायला लागले. मुहूर्त टळेल म्हटल्यावर मॅनेजरने इलेक्ट्रिशियनला हाक मारली. दादाच्या मरणापेक्षा मुहूर्ताची भीती मोठी! पंखा घरघरला तसं वहिनीने शेजारच्या कामगाराला एक कप घासायला लावला. पूड उडाली आणि सरळ पंख्यात गेली, त्याच्या तोंडावर कणभरही आली नाही.

वहिनी तेव्हा रडली, मोठ्याने. वायर जोडायला वीस मिनिटं लागली होती.