पलंगाखालची कुदळ

किमिलिलीच्या बाजारात कुदळ घ्यावी तर आमच्या शेजारच्या नेकोये म्हातारीनंच. दांडा आम्ही घरीच पेरूच्या लाकडाचा घालतो, त्यामुळे दुकानातून आणायचं ते नुसतं पातं. पण म्हातारी एकेक पातं दगडानं वाजवायची आणि डोळे मिटून ऐकत राहायची. मुलासाठी सून बघताना तिनं एवढी चिकित्सा केली नव्हती.

"हे बद्द वाजतंय. तुझ्या सासूला नेऊन दे," असं ती दुकानदाराला चारचौघांत सुनवायची.

अखेर एक खणखणीत पातं मिळालं. ते तिनं तेल लावून, फडक्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवलं. "चांगली वस्तू मातीत घालायची नसते," ती म्हणाली. सून नामालवा झिजून पळीएवढ्या झालेल्या जुन्या कुदळीनं परसातले भाजीचे वाफे खणत राहिली.

म्हातारी गेली, तेव्हा शेजारची माणसं अंगणात तिच्यासाठी खड्डा खणायला जमली. नामालवानं पलंगाखालून ते पातं काढलं, दांडा ठोकला, दगडानं वाजवून डोळे मिटून ऐकलं आणि कुदळ त्यांच्या हातात दिली.

"आईंची पारख खरी," ती म्हणाली. "झालं की आठवणीनं परत द्या. माझे वाफे राहिलेत."